सनदेपासून शिवारापर्यंत : देश आणि आंतरराष्ट्रीय संघटना

एक देश दुसऱ्या देशाशी बोलतो तो राजदूतामार्फत. तोच देश आंतरराष्ट्रीय संघटनेशी बोलतो तो स्थायी प्रतिनिधीमार्फत. यातली पहिली पद्धत फार जुनी. पेशवाईत पुणे दरबाराचे वकील परदरबारी राहत आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता. दरबारातली हालहवाल आपल्या धन्याला कळवणे आणि धन्याचे म्हणणे दरबारात मांडणे, हे वकिलाचे काम. दुसरी पद्धत जेमतेम शंभर वर्षांची आहे. तीत समोर दरबार नसतो, सभागृह असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४० कोटींच्या भारताचे मत आणि दहा-बारा हजार वस्तीच्या तुवालूचे मत सारखेच मोजले जाते. तेथे एका सरकारला पटवून भागत नाही. एका वाक्यासाठी दीडदोनशे सरकारांची संमती मिळवावी लागते. राजनयाचे हे वेगळे शास्त्र बहुपक्षीय राजनय म्हणून ओळखले जाते.

आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे देशांनी आपसांत करार करून उभी केलेली संस्था. तिला सनद असते, सभासद देशांची सभा असते, कारभार पाहणारे सचिवालय असते आणि सभासदांच्या वर्गणीतून तिचा खर्च चालतो. ती सभासदांची असली तरी सभासदांहून वेगळी अशी तिची स्वतःची कायदेशीर ओळख असते. हे तत्त्व एका हत्येनंतर पक्के झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्क बर्नाडोट यांना जेरुसलेममध्ये ठार मारण्यात आले. भरपाई मागण्याचा हक्क त्यांच्या मायदेशाला, स्वीडनला, होताच. तो संयुक्त राष्ट्रांनाही आहे का, असा प्रश्न आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारला. संघटना ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि ती स्वतः दावा करू शकते, असे मत न्यायालयाने १९४९ मध्ये दिले. अशी संघटना करार करते, देशांचे प्रतिनिधी स्वीकारते आणि देशांमध्ये आपले प्रतिनिधी नेमतेही.

स्थायी प्रतिनिधित्वाची सुरुवात

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघाचे काम सुरू झाले आणि त्याचे मुख्यालय जिनिव्हाला आले. बैठकीपुरते शिष्टमंडळ पाठवून काम भागत नाही, हे काही देशांच्या लवकरच ध्यानात आले. दोन बैठकांच्या मधल्या काळातच मसुदे तयार होतात, माणसे नेमली जातात, पाठिंब्याची जुळवाजुळव होते. म्हणून त्यांनी जिनिव्हात कायमचे प्रतिनिधी ठेवायला सुरुवात केली.

भारताचा या व्यवस्थेतला प्रवेश वेगळ्या वाटेने झाला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर भारताच्या नावानेही सह्या झाल्या होत्या, त्यामुळे ब्रिटिश सत्तेखाली असतानाच भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद ठरला. पुढे २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार यांनी सही केली आणि ५१ संस्थापक देशांमध्ये भारताची गणना झाली. स्वातंत्र्यानंतर हे सभासदत्व भारताकडे चालू राहिले. पाकिस्तानला ३० सप्टेंबर १९४७ रोजी नवा सभासद म्हणून प्रवेश मिळाला. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ सभासद आहेत. व्हॅटिकनचे पवित्र पीठ आणि पॅलेस्टाइन यांना निरीक्षक राज्याचा दर्जा आहे. त्यांना बोलता येते, पण आमसभेत मत नाही.

सुरक्षा परिषदेच्या प्रत्येक सभासदाचा प्रतिनिधी मुख्यालयात सदैव हजर असला पाहिजे, असे सनदेच्या २८ व्या कलमात म्हटले आहे. संकट रात्री उद्भवले तरी परिषद तासाभरात बसू शकावी, हा त्यामागचा हेतू. परिषदेवर नसलेल्या देशांनीही हीच पद्धत उचलली. ३ डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने स्थायी मिशनबाबत ठराव करून या प्रथेला नियमांची चौकट दिली.

अधिकारपत्र आणि यजमान देश

दोन देशांच्या व्यवहारात राजदूत नेमण्याआधी यजमान देशाची संमती लागते. तो देश नाव नाकारू शकतो. संयुक्त राष्ट्रांकडे प्रतिनिधी नेमताना मात्र ना संघटनेची संमती लागते, ना अमेरिकेची. राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांच्या सहीचे अधिकारपत्र सरचिटणीसांच्या हाती दिले की प्रतिनिधीचे काम सुरू होते. एखाद्या देशावर दोन सरकारे हक्क सांगू लागली, तर आमसभेची नऊ सभासदांची अधिकारपत्र समिती त्यात लक्ष घालते. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने आणि अफगाणिस्तानात तालिबानने सत्ता घेतल्यावर दोघांनीही आपले प्रतिनिधी मान्य करावेत अशी मागणी केली. समितीने निर्णय लांबणीवर टाकला आणि त्या खुर्च्यांवर आधीच्या सरकारांनी नेमलेली माणसेच राहिली.

या नात्यात देश आणि संघटना यांच्याबरोबर तिसरा पक्षही असतो, तो म्हणजे यजमान देश. संयुक्त राष्ट्रांची इमारत न्यूयॉर्कमध्ये आहे, पण तेथे येणारा प्रत्येक प्रतिनिधी अमेरिकेला आवडेलच असे नाही. म्हणून १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि अमेरिका यांच्यात मुख्यालय करार झाला. कामासाठी येणाऱ्या प्रतिनिधींच्या वाटेत अडथळा आणायचा नाही आणि त्यांना राजनैतिक संरक्षण द्यायचे, ही जबाबदारी त्याने अमेरिकेवर टाकली. १९८८ मध्ये अमेरिकेने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांना व्हिसा नाकारला, तेव्हा आमसभेने १५४ विरुद्ध २ मतांनी ठराव करून पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरची चर्चाच जिनिव्हाला नेली. अराफत तेथे बोलले.

संरक्षणाचे नियम पदानुसार बदलतात, हे भारताने २०१३ च्या डिसेंबरमध्ये अनुभवले. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातील एका महिला अधिकाऱ्याला तेथे अटक झाली. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यांना मिळणारे संरक्षण बहुतांशी त्यांच्या कामापुरते असते. भारताने त्यांची बदली त्याच शहरातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनमध्ये केली. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मान्य झाले आणि त्या मायदेशी परतल्या.

मिशनचे पत्ते आणि तिथली माणसे

न्यूयॉर्कमध्ये राजकारण आणि सुरक्षेचे विषय येतात. जिनिव्हात आरोग्य, कामगार, मानवी हक्क, दूरसंचार, बौद्धिक संपदा आणि व्यापार. रोममध्ये अन्न व शेती, व्हिएन्नात अणुऊर्जा, पॅरिसमध्ये शिक्षण व संस्कृती, नैरोबीत पर्यावरण, माँट्रियलमध्ये नागरी विमान वाहतूक. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र मिशन ठेवणे श्रीमंत देशांनाही जड जाते. म्हणून रोम, व्हिएन्ना आणि नैरोबी येथे भारताचा त्या देशातला राजदूत किंवा उच्चायुक्तच संघटनांकडचाही प्रतिनिधी असतो. जिनिव्हात मात्र संयुक्त राष्ट्रांसाठी एक आणि जागतिक व्यापार संघटनेसाठी दुसरे, अशी भारताची वेगवेगळी मिशन आहेत, कारण व्यापाराचे काम मुख्यतः वाणिज्य मंत्रालयाचे आहे.

यावरून या कामाचे एक वैशिष्ट्य कळते. परराष्ट्र मंत्रालयाबरोबरच शेती, आरोग्य, वाणिज्य, संरक्षण आणि संस्कृती या खात्यांचे अधिकारीही त्यात गुंतलेले असतात. मिशनमधला अधिकारी सभागृहात बोलतो ते वाक्य दिल्लीत अनेक खात्यांच्या टिपणांतून तयार होऊन आलेले असते. खात्यांचे आपसांत जमले नाही, तर सभागृहात देशाचा आवाज क्षीण होतो.

न्यूयॉर्कमधले भारताचे मिशन ४३ व्या रस्त्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या उंच इमारतीचा आराखडा मुंबईत काम करणारे, मूळ गोव्याच्या घराण्यातले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी केला. ऑगस्ट २०२२ मध्ये या मिशनची सूत्रे रुचिरा कंबोज यांच्याकडे आली. त्या पदावरच्या त्या पहिल्या भारतीय महिला.

ठरावाचा प्रवास

मिशनचे रोजचे काम शब्दांवर चालते. एखादा देश ठरावाचा मसुदा लिहितो, आधी जवळच्या देशांना दाखवतो आणि सहप्रस्तावक मिळवतो. मग बंद दाराआड परिच्छेद परिच्छेदाने वाटाघाटी होतात. ज्या शब्दावर एकमत नसते तो कंसात टाकला जातो आणि एकेक कंस सोडवत मसुदा पुढे सरकतो. शेवटी पुष्कळदा अध्यक्ष एक मुदत ठरवून देतात. त्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मजकूर मान्य झाला असे धरले जाते. त्या काळात गैरहजर राहिलेला देश नकळत होकार देऊन बसतो.

एका शब्दाचे वजन किती असते हे हंसा मेहता यांनी दाखवून दिले. मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या कुलगुरुपदाचा अनुभव असलेल्या हंसाबेन मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. अनेक देशांत त्याचा आधार घेऊन स्त्रियांना हक्क नाकारले जातील, हे ओळखून त्यांनी ‘सर्व माणसे’ या अर्थाच्या शब्दांचा आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, तो याच शब्दांनिशी.

अलीकडचे उदाहरण ज्वारी-बाजरीचे. भारताने २०१८ हे वर्ष देशात भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि तोच विषय रोमच्या अन्न व कृषी संघटनेत मांडला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या संघटनेच्या परिषदेने प्रस्ताव उचलून धरला. मग तो न्यूयॉर्कला आला आणि मार्च २०२१ मध्ये ७० हून अधिक देशांच्या पाठिंब्याने आमसभेने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. सोलापूरच्या ज्वारीला, कोकणातल्या नाचणीला आणि आदिवासी पाड्यांवरच्या वरईला जगाच्या व्यासपीठावर मान मिळाला. त्यामागे दोन खंडांतल्या दोन मिशनचे तीन वर्षांचे काम होते. योग दिनाचा ठराव याहून वेगाने गेला. २७ सप्टेंबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी आमसभेत सूचना केली आणि ११ डिसेंबरला १७५ देशांना सहप्रस्तावक करून तो मतदानाविना मंजूर झाला.

गट, मते आणि निवडणुका

१९३ देशांशी स्वतंत्रपणे बोलणे शक्य नसते, म्हणून देश गट करतात. निवडणुकांसाठी संयुक्त राष्ट्रांत पाच प्रादेशिक गट आहेत. भारत आशिया-पॅसिफिक गटात येतो. विकसनशील देशांचा ‘७७ चा गट’ १५ जून १९६४ रोजी जिनिव्हात जन्मला. त्याचे सभासद आता १३४ असले तरी नाव तेच राहिले आहे. अर्थकारणाच्या विषयांवर हा गट एका आवाजात बोलतो, तेव्हा बलाढ्य देशांनाही त्याची दखल घ्यावी लागते.

देशाची पत सर्वांत स्पष्ट दिसते ती निवडणुकीत. सुरक्षा परिषदेच्या १५ पैकी १० जागा दोन वर्षांसाठी आमसभेतून निवडल्या जातात आणि त्यासाठी दोनतृतीयांश मते लागतात. मतदान गुप्त असते, त्यामुळे दिलेला शब्द पाळला गेला का हे कधीच नक्की कळत नाही. १९९६ मध्ये आशियाच्या जागेसाठी भारताला ४० आणि जपानला १४२ मते पडली. त्या पराभवानंतर भारताने तयारीची रीत बदलली. पुढच्या खेपांना उमेदवारी कितीतरी वर्षे आधी जाहीर केली, गटातल्या इतर इच्छुकांशी आधीच बोलून घेतले आणि लहानलहान देशांपर्यंत दूत पाठवले. जून २०२० मध्ये १९२ पैकी १८४ मते मिळवून भारत आठव्यांदा परिषदेवर गेला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशाला आमसभा आणि सुरक्षा परिषद या दोन्हींत बहुमत लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेवटच्या जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे क्रिस्टोफर ग्रीनवूड समोरासमोर आले. आमसभा भंडारींच्या, तर परिषद ग्रीनवूड यांच्या बाजूने होती. फेरीमागून फेरी होत राहिली आणि आमसभेतला भारताचा पाठिंबा वाढत गेला. २० नोव्हेंबरला ब्रिटनने माघार घेतली. १९४६ मध्ये न्यायालयाचे काम सुरू झाल्यापासून प्रथमच त्यात ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही.

सहमतीची संघटना आणि नकाराचे वजन

सगळ्याच संघटना मतदानाने चालत नाहीत. १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेत निर्णय सहमतीने होतात. हजर असलेल्या एका देशाने ठाम हरकत घेतली तरी गाडी थांबते. २०१४ च्या जुलैत भारताने जिनिव्हात असाच नकार दिला.

वाद धान्यसाठ्याचा होता. सरकार शेतकऱ्यांकडून हमीभावाने धान्य विकत घेते आणि रेशन दुकानांतून स्वस्तात देते. संघटनेच्या नियमांत हा हमीभाव १९८६–८८ च्या जुन्या किमतींशी ताडून पाहिला जातो आणि त्यातून निघणाऱ्या मदतीवर उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. जुनी किंमत धरल्यामुळे मदतीचा आकडा फुगतो. २०१३ च्या बाली परिषदेत, मर्यादा ओलांडली तरी तक्रार होणार नाही असे तात्पुरते अभय मिळाले होते, पण ते किती काळ टिकेल हे स्पष्ट नव्हते. दुसरीकडे, सीमाशुल्काची कामे सोपी करणाऱ्या व्यापार सुलभीकरण कराराची सर्वांना घाई होती. धान्याचा प्रश्न सुटल्याखेरीज त्या करारावर पुढचे पाऊल नाही, अशी भूमिका भारताने घेतली. त्यावर जगभर टीका झाली. अमेरिकेशी बोलणी झाल्यावर २७ नोव्हेंबर २०१४ रोजी निर्णय झाला : कायमचा तोडगा निघेपर्यंत अभय चालू राहील. सुलभीकरणाचा करार फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आला. पुढे २०२० मध्ये भारताने तांदळाच्या खरेदीसाठी या अभयाचा आधार घेतला. कायमचा तोडगा मात्र अजून बाकी आहे. नकार हे प्रभावी साधन आहे, पण ते क्वचितच आणि पूर्ण तयारीनिशी वापरावे लागते, हे या प्रकरणाने दाखवले.

गडकोटांची नोंद

युनेस्कोशी देशाचा व्यवहार कसा चालतो हे महाराष्ट्राने २०२५ मध्ये जवळून पाहिले. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधल्या बैठकीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत नोंदले गेले. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, तर जिंजी तमिळनाडूतला.

अशी नोंद कोणतेही राज्य, संस्था किंवा किल्लेप्रेमी थेट मागू शकत नाहीत. १९७२ च्या वारसा करारात सामील झालेला देशच ती मागू शकतो. आधी स्थळ देशाच्या संभाव्य यादीत यावे लागते. मग सविस्तर प्रस्ताव जातो. त्यात स्थळाचे जागतिक मोल, सीमा, नकाशे आणि जपणुकीची व्यवस्था मांडावी लागते. बाहेरचे तज्ज्ञ जागा पाहून अहवाल देतात आणि अखेर २१ देशांची समिती निर्णय घेते. या बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. म्हणजे गडावरच्या पाहणीपासून पॅरिसच्या सभागृहापर्यंत राज्य, केंद्र आणि तिथले भारताचे स्थायी शिष्टमंडळ या तिघांचा हात लागला, तेव्हा नोंद झाली. नोंदीबरोबर बांधिलकीही येते. जपणूक ढासळली तर स्थळ धोक्यातल्या यादीत जाऊ शकते आणि यादीतून वगळलेही जाऊ शकते.

सुरक्षा परिषदेतील कसोटी

सुरक्षा परिषदेत पाच देशांकडे नकाराधिकार असल्यामुळे तेथे न्याय्य बाजू असली तरी काम होतेच असे नाही. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने काश्मीरवरील आक्रमणाचा प्रश्न परिषदेकडे नेला, तो तक्रारदार म्हणून. परिषदेतल्या चर्चेने लवकरच वेगळे वळण घेतले आणि आक्रमणाचा मुद्दा मागे पडला. बड्या देशांचे हितसंबंध ओळखल्याशिवाय तेथे जाऊ नये, हा धडा भारतीय मुत्सद्द्यांच्या अनेक पिढ्यांनी लक्षात ठेवला.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर चित्र वेगळे होते. दोन आठवड्यांच्या आत, १० डिसेंबरला, परिषदेच्या निर्बंध समितीने हाफिज सईद आणि जमात-उद-दवा यांची नावे यादीत घातली. दहशतवादी मसूद अझहरच्या नावाला मात्र दहा वर्षे लागली. ही समिती परिषदेच्या १५ सभासदांची असून तिचे निर्णय सहमतीने होतात, आणि चीन त्या नावावर पुन्हापुन्हा हरकत नोंदवत राहिला. त्यातला बहुतेक काळ भारत परिषदेवर नसल्याने त्याला मित्रदेशांमार्फत प्रयत्न करावे लागले. पुलवामाच्या हल्ल्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दबाव वाढवला आणि १ मे २०१९ रोजी ते नाव यादीत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, दहशतवादविरोधी समितीचे अध्यक्षपद भारताकडे असताना, तिची विशेष बैठक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात भरली. हल्ल्यातून वाचलेल्यांचे म्हणणे परिषदेच्या प्रतिनिधींनी त्याच वास्तूत ऐकले.

वर्गणी, सैनिक आणि नोकरवर्ग

संघटनेतले वजन पैशानेही ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित खर्चात कोणत्याही देशाचा वाटा २२ टक्क्यांहून अधिक नसतो आणि ०.००१ टक्क्याहून कमी नसतो. कमाल वाटा अमेरिकेचा, त्याखालोखाल सुमारे २० टक्के चीनचा. भारताचा एक टक्क्याच्या आसपास. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की सनदेच्या १९ व्या कलमाप्रमाणे आमसभेतला मताधिकार जातो.

भारताने आपले वजन मनुष्यबळाने वाढवले. शांतिसेनेच्या ५० हून अधिक मोहिमांत भारताचे अडीच लाखांहून अधिक सैनिक व पोलीस जाऊन आले आणि दीडशेहून अधिक जणांनी तेथे प्राण दिले. २००७ मध्ये भारताने लायबेरियात पाठवलेली महिला पोलिसांची तुकडी ही संयुक्त राष्ट्रांची पहिली पूर्ण महिला तुकडी होती.

सचिवालयातली माणसे हा नाजूक विषय आहे. प्रत्येक देशाला आपली माणसे वरच्या जागी हवी असतात. पण सनदेच्या १०० व्या कलमानुसार संघटनेच्या अधिकाऱ्याने कोणत्याही सरकारचा आदेश मागू वा घेऊ नये आणि सरकारांनीही तसा दबाव आणू नये. ही मर्यादा पाळली गेली तरच संघटनेवर विश्वास राहतो.

लहान देशांचे बळ

बहुपक्षीय व्यवस्थेचा खरा आधार लहान देशांना आहे. माल्टा १९६४ मध्ये सभासद झाला. त्याचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी १ नोव्हेंबर १९६७ रोजी आमसभेत मांडले की खोल समुद्राचा तळ ही सगळ्या मानवजातीची मालमत्ता मानावी. त्या भाषणातून सुरू झालेल्या वाटाघाटी १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारापर्यंत गेल्या. भारताशी त्याचा थेट संबंध आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये समुद्रतळावरून बहुधातू गोटे वर काढले. त्या संशोधनाच्या बळावर १९८७ मध्ये भारताला हिंदी महासागरात खाणक्षेत्राची नोंद मिळाली आणि अशी नोंद मिळवणारा तो पहिला देश ठरला.

पॅसिफिकमधल्या वानुआतूचे उदाहरण ताजे आहे. समुद्राची पातळी वाढते आहे. अशा वेळी देशांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, असा प्रश्न तिकडच्या विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये उचलला. वानुआतूने तो आमसभेत नेला, मार्च २०२३ मध्ये ठराव सहमतीने मंजूर झाला आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले मत दिले. सैन्य नसलेल्या देशाने शब्दांच्या बळावर जगातल्या सर्वोच्च न्यायालयाला बोलते केले.

उलट दिशेची ये-जा

संघटनाही देशांत येतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशियासाठीचे प्रादेशिक कार्यालय दिल्लीत आहे आणि युनिसेफचे एक कार्यालय मुंबईत. काही संघटना भारताच्या पुढाकाराने जन्मल्या. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे. यजमान देशाची कर्तव्ये तेथे भारताकडे येतात. काही देश रुसून बाहेरही पडतात. इंडोनेशियाने १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रे सोडली आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. अमेरिकेने युनेस्को १९८४ मध्ये सोडली, २००३ मध्ये परतली, २०१८ च्या अखेरीस पुन्हा सोडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आत आली. रिकाम्या खुर्चीमुळे काम थांबत नाही. मसुदा उरलेले देश लिहितात.

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मर्यादा उघड आहेत. त्यांच्याकडे स्वतःचे सैन्य नाही, बड्या देशांनी ठरवले तर त्या हतबल होतात आणि ठराव कागदावर राहतात. तरीही चिकाटीने केलेले काम तेथे वाया जात नाही. १९४६ मध्ये, देश स्वतंत्र होण्याआधीच, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष आणि महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. समोर उभे होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जॅन स्मट्स, ज्यांनी सनदेच्या प्रास्ताविकेला आकार दिला होता. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. लगेच काहीच बदलले नाही. पण वर्णभेदाचा विषय त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेवरून हटला नाही. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीला आमसभेच्या कामातून दूर ठेवण्यात आले. २३ जून १९९४ रोजी, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर काही आठवड्यांनी, दक्षिण आफ्रिकेने आमसभेतली आपली जागा पुन्हा घेतली.